प्रभाक्काचा नियम

प्रभावती चौगुलेला कारखान्यात कुणी प्रभावती म्हणून हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघायची नाही. तिथं ती प्रभाक्का. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग तयार होतात आणि दुपारपाळीचा प्रत्येक भाग तपासणीच्या टेबलावर तिच्या हाताखालून जातो. गेज लावून माप बघायचं, बोट फिरवायचं, दिव्याखाली धरून कुठं चीर आहे का बघायचं. चांगला असेल तर डावीकडच्या क्रेटमध्ये, नसेल तर उजवीकडच्या. काम मुकाट्यानं करायचं आणि बाईही मुकाट्याचीच. पण मुकाट्याची म्हणजे गरीब गाय असं समजून जो कोणी तिच्या वाटेला गेला, तो हात पोळून परत आला.

घर हातकणंगल्याच्या अलीकडं. नवरा अण्णाप्पा ऊस बघतो, दोन म्हशी ही बघते. सकाळची धार, डेअरी, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन देवाचं दर्शन, स्वयंपाक, आणि मग कंपनीची बस. संध्याकाळी सूर्य शेजारच्या फाउंड्रीच्या पत्र्यावर उतरायला लागला की प्रभाक्का टेबलावरचा दिवा बंद करायची, साबण लावून हात धुवायची आणि क्रेटच्या आडोशाला बसून डबा उघडायची. बाकीच्या पाळीचं जेवण साडेसातला. हिचं दिवस मावळायच्या आत. रात्री जेवायचं नाही असा तिचा नियम होता. पाणी आणि औषध तेवढं तिनं मोकळं ठेवलं होतं.

इकडच्या जैन घरांत व्रताला नियमच म्हणतात. कुणी चार महिने बटाट्याचा नियम घेतो, म्हणजे बटाटा सोडतो, कुणी गोडाचा, कुणी एखादं वर्ष चपलेचा. नियम घेतला म्हणजे विषय संपला, पुन्हा त्यावर चर्चा नाही. आणि पुढं जो काही घोळ झाला, तो सगळा ह्या एका शब्दानं झाला.

पाळीचे फोरमन होते केरबामामा. शाहूवाडीकडचे, भातशेतीतनं उठून कारखान्यात आलेले, मिशीला अजून पीळ देणारे. प्रभाक्का त्यांच्या पाळीत आली त्याच दिवशी तिनं त्यांना सांगून टाकलं होतं, "मामा, माझा नियम हाय. दिवस मावळायच्या आत जेवाय लागतंय." मामांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, कंपनीचा नियम असणार. जैन लोकांसाठी काहीतरी निघालं असेल, सरकारचं रोज नवीन काहीतरी निघतच असतं. आणि मामा म्हणजे नियमाचा माणूस. नियमात असेल तर सख्ख्या वैऱ्यालाही देतील, नसेल तर सख्ख्या भावाला नाही. एकदा रंगकामातल्या ज्ञानूनं कुरकुर केली, की तिला लवकर सुटी मिळते तर आम्हालाही सोडा. मामांनी त्याला अख्ख्या शॉपसमोर, सगळ्या कामगारांदेखत झापलं. "तिचा नियम हाय. तुझा हाय काय?" ज्ञानूचा नव्हता, त्यामुळं तो गप्प बसला.

अशी वर्षं गेली. मग कारखाना विकला गेला. नवीन मालक पुण्याचे. त्यांनी आल्या आल्या कारखान्याला रंग दिला आणि एक पोर्टल आणलं. कंपनीचे सगळे नियम, सगळी परिपत्रकं, सगळी कागदपत्रं त्या एका ठिकाणी. जे पाहिजे ते शोधा, म्हणजे सापडेल. त्याचं नाव 'पॉलिसी पोर्टल'. आता आपल्याकडं पॉलिसी म्हटलं की माणसाला विमाच आठवतो. पहिला आठवडाभर लोक ऑफिसात येऊन, आमची पॉलिसी कधी पिकणार, वारस म्हणून बायकोचं नाव घातलंय का, असं विचारत होते. ते निस्तरता निस्तरता निशिगंधा मॅडमच्या नाकी नऊ आले.

ही निशिगंधा मॅडम म्हणजे नव्या मालकांनी नेमलेली एचआर. पोरगी इथल्याच शिवाजी पेठेतली, पण शिकली पुण्यात, आणि ऑफिसात एकदम शुद्ध पुणेरी बोलायची. मनानं वाईट नव्हती. फक्त तिला वरून सांगितलं होतं की इथं बरंच तोंडी चालतं, ते बंद करायचं. पोर्टलवर आहे ते आहे, नाही ते नाही. तिनं साडेसातच्या आधीच्या सगळ्या सुट्ट्या बंद केल्या. त्यात प्रभाक्काचं जेवणही गेलं.

सोमवारपासून प्रभाक्का उपाशी राहायला लागली. दुपारी घरनं जेवून निघायचं, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. डबा रोज आणायची, रोज तसाच परत न्यायची, आणि अण्णाप्पाला कळू नये म्हणून म्हशीच्या पाटीत रिकामा करायची. त्यात तिला शुगर. डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हणून बजावलेलं. बुधवारी तिनं चांगले भाग उजवीकडच्या क्रेटमध्ये टाकले आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. मामांनी बघितलं, तेव्हा ती टेबलाला धरून उभी होती आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. दिवसपाळीत तपासणीची जागा रिकामी नव्हती. म्हणजे आता एकतर नियम मोडायचा, नाहीतर नोकरी सोडायची. दोन्ही तिला जमणार नव्हतं, आणि तिसरं काही दिसत नव्हतं.

मामा भडकले. नियम असताना बाई उपाशी राहते म्हणजे काय? गुरुवारी संध्याकाळी ते तिला डब्यासकट वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात घेऊन गेले. पायपुसण्यावर बूट घासले आणि मॅडमना रोखठोक सांगितलं, की प्रभाक्काच्या जेवणाचा नियम आहे, पहिल्यापासून आहे, तुमच्या त्या मशीनमध्ये बघा.

निशिगंधाचा चेहरा खुलला. नियम असेल तर प्रश्नच नाही, ती म्हणाली, फक्त कागद सापडला पाहिजे; सापडला की आत्ताच्या आत्ता मंजुरी. बसा ना.

प्रभाक्का खुर्चीच्या कडेला टेकली. तिच्या डोक्यात गोंधळ उडाला. मामा कंपनीत तिच्यापेक्षा जुने. ते एवढ्या खात्रीनं सांगतात, तर कंपनीनं आपला नियम लिहून ठेवलाय की काय? कधी लिहिला? कुणी सांगितला? बस्तीतल्या कुणाची इथं ओळख असेल काय? तिला कळेना. पण मनातल्या मनात तिला बरंही वाटलं. पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडलं होतं. अजून भरपूर वेळ होता.

निशिगंधानं आधी 'नियम' हा शब्द टाकला. पडद्यावर ढीगभर कागद आले, कारण त्या पोर्टलवर नियम नाही असा कागदच नव्हता. बूट घालायचा नियम, केस बांधायचा नियम, क्रेन चालवायचा नियम, संडासातला नळ बंद करायचा नियम. ती एकेक उघडून वाचायला लागली. मामा तिच्या खांद्यावरनं वाकून बघत होते आणि प्रत्येक कागदाला, "ह्यो न्हवं," असं म्हणत होते.

मग तिनं 'जैन' टाकलं. पुण्याच्या कुणा जैन नावाच्या हिशेबनिसाचा अहवाल आला. 'उपवास' टाकल्यावर काहीच आलं नाही. 'सूर्यास्त' टाकलं तेव्हा एक कागद आला आणि तिघंही सरसावून बसले. पण त्यात आवारातले दिवे सूर्यास्तानंतर लावावेत आणि सकाळी आठवणीनं बंद करावेत, एवढंच होतं. मामांनी तोंड वाकडं केलं. दिवे लावायला कागद लागतो, हे त्यांना पटेना.

"तुम्हीच बोला मामा," निशिगंधानं माइक पुढं केला. "बोललेलं पण ओळखतं ते."

मामांनी घसा खाकरला आणि गावच्या सभेत बोलावं तसे मोठ्यांदा म्हणाले, "जेवान." मशीननं थोडा विचार केला आणि 'जवान' शोधून दिलं. माजी सैनिकांना सुरक्षा विभागात प्राधान्य. मामा पडद्यावर डोळे रोखून राहिले. त्यांच्या गावात घरटी एक जवान. पुतण्या पृथ्वीराज तर नुकताच निवृत्त होऊन आला होता आणि दिवसभर पारावर बसून असायचा. अर्ज कुठं करायचा, वय किती चालतं, हे त्यांनी विचारून घेतलं आणि निशिगंधानंही सांगितलं. प्रभाक्का डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं आणि वर सरकलं होतं. तिला मामांचा राग आला. पण माणूस आपल्यासाठीच आला आहे, त्याला बोलायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली. तेवढ्यात तिला भोवळ आल्यासारखं झालं आणि ती खुर्चीच्या हाताला धरून बसली.

निशिगंधानं ते बघितलं. काय होतंय म्हणून तिनं विचारलं, आणि शुगर आहे हे कळताच चटकन सरळ झाली. आधी का नाही सांगितलं? तिनं खटाखट बटणं दाबली आणि ह्या वेळी कागद सापडला, चक्क पहिल्या झटक्यात. मधुमेह असलेल्या कर्मचाऱ्यांना ठरावीक वेळी खाण्याची सवलत. संध्याकाळी सहाला एकदा आणि नऊला एकदा, आणि फोरमननं दोन्ही वेळची नोंद करायची.

"झालं की काम," मामा म्हणाले.

प्रभाक्काला क्षणभर वाटलं, झालं. मग तिनं विचारलं, "नऊला काय?"

नऊला पण खायचं, निशिगंधा म्हणाली, बिस्कीट, फळ, काहीही. प्रभाक्का तिच्याकडं बघत राहिली. रात्री खायचं नाही, म्हणून तर हे सगळं चाललं होतं. आणि आता रात्री न खाण्यासाठी रात्री खावं लागणार होतं. निशिगंधाच्या ते लक्षात येईना. नऊला नाही खाल्लं तरी चालेल, नुसती नोंद करू, असं तिनं हळूच सुचवलं. मामाही तयार झाले. पण प्रभाक्कानं मान हलवली. रात्री जेवले असं आपल्या नावावर कुणी रोज लिहीत बसणार, आणि आपण ते चालवून घेणार, हे तिला नको होतं. बरं, खोटं तरी कुठं होतं? शुगर खरीच होती. मग नको का वाटतंय, हे तिचं तिलाही नीट सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून ती जास्तच गोंधळली.

"ठीक आहे, मूळ नियमच शोधू," निशिगंधा म्हणाली. तिलाही आता जिद्द चढली होती. "वर्ष सांगा. वर्षाप्रमाणे लावता येतं. कधीचा आहे नियम?"

प्रभाक्कानं आठवलं. "आमची रुचिता पाचवीत होती. त्या चातुर्मासातला."

निशिगंधाचे हात थांबले. "कंपनीनं चातुर्मासात काढला?"

"कंपनीनं न्हवं. मी."

"तुम्ही नियम काढलात?"

"काढला न्हाई, घेतला. बस्तीत, म्हाराजांच्या म्होरं."

केरबामामा आधी मॅडमकडं, मग प्रभाक्काकडं, मग पडद्याकडं बघायला लागले, जणू तिघांतलं कुणीतरी हे चुकीचं आहे म्हणून सांगेल.

"म्हंजे कंपनीचा न्हाईच?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कंपनीचा कशाला असंल, मामा? कंपनी कुठं उपास धरतीया?"

मामा मटकन खुर्चीत बसले. ज्ञानूला अख्ख्या शॉपसमोर झापलेलं त्यांना आठवलं असणार. ज्या माणसानं जन्मात कुणाला नियमाबाहेर पाच मिनिटं सोडलं नव्हतं, त्यानं एका बाईला वर्षानुवर्षं रोज सोडलं होतं, आणि तेही छाती पुढं काढून. "मग मी इतकी वर्षं कुणाच्या हुकमानं सोडत होतो तुमाला?" ते म्हणाले.

प्रभाक्काला ह्याचं उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "मला वाटलं, माझ्या शब्दावर सोडताय."

मामांनी मिशीवरनं हात फिरवला आणि तो तसाच तोंडावर ठेवला. त्यांना राग आला होता, लाजही वाटली होती, आणि ह्या बाईनं आपल्याला इतकी वर्षं आपल्यापेक्षा चांगला माणूस समजलं, ह्याचं वाईटही वाटत होतं.

निशिगंधानं हार मानली नव्हती. जुना नसेल तर नवीन नियम घालायचीही सोय पोर्टलवर होती. तिनं तो अर्ज उघडला, प्रभाक्काचं नाव घातलं, वेळ घातली. चौथ्या रकान्यावर गाडी अडली. 'नियम कोणी लागू केला?' तो रकाना भरल्याशिवाय मशीन पुढं जायला तयार नव्हतं. तिनं महाराजांचं नाव विचारलं.

"त्यांनी न्हाई केला," प्रभाक्का म्हणाली.

पण त्यांच्यासमोर घेतलात ना, मग त्यांनीच दिला असेल, निशिगंधानं समजावून बघितलं.

प्रभाक्का त्या रकान्याकडं बघत राहिली. सातवीनंतर शाळा बंद झाली, ती वडिलांनी केली. लग्न चुलत्यांनी ठरवलं. कारखान्यात जायचं ते सासऱ्यांनी सांगितलं, दुपारपाळी साहेबांनी दिली, आणि म्हशी दोन ठेवायच्या की तीन हेसुद्धा अण्णाप्पा ठरवतो. त्या चातुर्मासात बस्तीत मुनी महाराजांपुढं गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. कुणी हिला विचारलं नव्हतं, कुणी आग्रह केला नव्हता. हीच उठून पुढं गेली होती आणि चार महिन्यांचा नियम घेऊन आली होती. चार महिने संपले तेव्हा सासूच म्हणाली, सोड आता, कामावर जातेस, झेपायचं नाही. पण तिला सोडवेना. उभ्या जन्मात स्वतःहून उचललेली तेवढी एकच गोष्ट होती.

"मॅडम," ती म्हणाली, "कंपनीचा नियम लावत्यात. आमचा घ्यावा लागतोय. तिथं कुणाचं नाव घालू?"

निशिगंधानं पडदा बंदच करून टाकला. "जावा, जावा तुमी, जेवून घ्या आधी," ती म्हणाली, आणि घाईत तिची पुणेरी सुटून पेठेतली, बायकाही 'येतो-जातो' म्हणतात ती भाषा बाहेर आली. "आन रोज जावा. पुण्याला काय सांगायचं ते मी बघतो की."

मामा ताडकन उठले. त्यांनी स्वतः डबा उचलून प्रभाक्काच्या हातात दिला. तेवढ्यात प्रभाक्कानं खिडकीकडं बघितलं.

भिंतीवर ऊन नव्हतं. फाउंड्रीच्या पत्र्यामागं आभाळ लाल होतं, पण सूर्य गेला होता. कधी गेला, ते तिघांतल्या कुणालाच कळलं नव्हतं. सगळ्यांची डोकी त्या पडद्यात होती.

प्रभाक्कानं डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद बांधले. निशिगंधाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खिडकीपाशी धावली आणि पुन्हा परत आली. अजून उजेड आहे, ती म्हणाली, इथंच बसा, मी दार लावून घेते, कुणी बघणार नाही.

"कुणी बघतंय म्हणून न्हाई पाळत, बाळ," प्रभाक्का म्हणाली. मॅडमना बाळ म्हणाल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

पोरीचे डोळे भरले. माझ्यामुळं आज परत उपाशी राहिलात, असं काहीतरी ती पुटपुटली. केरबामामा दारात पाठमोरे उभे होते.

प्रभाक्का तिच्यावर चिडली नव्हती. तिला चीड आली होती ती स्वतःचीच, आणि ती आता गिळून टाकावी असं तिला वाटेना. "तुमच्यामुळं न्हाई," ती म्हणाली. "मीबी बसलोच की शोधत. माझा नियम, मी घेतलेला. आन ऊन जाईस्तोवर मीच बघत बसलो, त्यांच्यात कुठं सापडतोय काय म्हणून."

मग ती जिना उतरून खाली गेली, टेबलावरचा दिवा लावला आणि साठलेल्या क्रेटमधला पहिला भाग उचलून उजेडात धरला.